मुलांचा गाण्याचा आणि तबल्याचा क्लास, विश्रामबाग (सांगली) : दोन वर्षांचा अनुभव

हा रिव्ह्यू मी दोन वर्षं थांबून लिहितेय, कारण गाण्याच्या क्लासचं पहिल्या दोन-तीन महिन्यांत खरंच काही कळत नाही आणि आम्ही त्यात एकदा चुकलोय. क्लासला नाव नाही, बाहेर बोर्ड पण नाही, ताईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, एकीत गाणं आणि पेटी, दुसरीत तबला. सगळे नुसतं "ताईंचा क्लास" म्हणतात. माझा मुलगा गाणं आणि पेटी शिकतो, आता नऊ वर्षांचा आहे, आणि मोठी मुलगी तबला शिकते, ती अकराची.

आधीचं सांगायला पाहिजे, नाहीतर मी एवढं भरभरून का लिहितेय ते कळणार नाही. मुलाला आधी दुसरीकडे घातलं होतं, नाव घेत नाही. तिथे कीबोर्ड होता, पट्ट्यांवर रंगीत स्टिकर लावलेले, लाल लाल निळा पिवळा असं पाठ करून वाजवायचं. तीन महिन्यांत पोरगा गॅदरिंगला दोन गाणी वाजवायला लागला, आम्ही व्हिडिओ काढले, आजी-आजोबांना पाठवले, सगळे खूश. मग मे महिन्यात घामानं चार-पाच स्टिकर निघून आले आणि त्याला काहीच वाजवता येईना, तर मी म्हटलं अरे जरा गुणगुणून बघ ना पुढे काय येतं, आठवेल, तर म्हणाला, "आई, मी गायचं नाही, सर म्हणाले माझा आवाज बसका आहे, मी नुसतं वाजवायचं." सात वर्षांचा होता तो. आंघोळ करताना मोठमोठ्यानं गायचा तेसुद्धा कधीतरी बंद झालं होतं आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हे अजून मला लागतं.

तर ताईंकडे गेलो तेव्हा मी हे सगळं त्याच्यासमोर बोलले नाही, बाजूला जाऊन सांगितलं. ताईंनी त्याला पेटीसमोर बसवलं नाही की "गाऊन दाखव" म्हटलं नाही. शाळा कुठली, डब्यात आज काय होतं, असं बोलत बसल्या, आणि बोलता बोलता त्याला म्हणाल्या की मला लांबून हाक मार बघू, "ता-ई" अशी. त्यानं मारली. ताईंनी त्या हाकेतला लांबवलेला सूर पेटीवर शोधला, पट्टी दाबून धरली आणि म्हणाल्या, "हा बघ, हा तुझा सा. तुझ्याकडे होताच, मी फक्त पेटीवर शोधला." मी दारातच उभी होते. माझ्या डोळ्यात पाणी आलं ते सांगायला मला काही वाटत नाही.

नंतर कळलं की आधीच्या क्लासमधली मुलं काळी पाचमध्ये गात होती, म्हणजे त्यांचा सा पेटीच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीवर, आणि माझा मुलगा पांढरी पाचमध्ये आरामात गातो, म्हणजे दीड स्वर खाली. एवढाच प्रश्न होता! बसका वगैरे काही नाही, त्याची पट्टी, म्हणजे सा धरायची उंची, वेगळी आहे. बऱ्याच ठिकाणी सगळ्या पोरांना एकाच पट्टीत ओढतात आणि ज्याला वरचा सा गाठता येत नाही तो ओरडतो किंवा तोंड नुसतं हलवतो. ताई दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येकाची पट्टी पुन्हा बघतात कारण वाढत्या वयात ती बदलते, आणि मुलगे तेरा-चौदाचे झाले की आवाज फुटतो, तेव्हा त्यांना गाणं बंद करायला सांगत नाहीत, जोर न लावता खालच्या दोन-चार सुरांत हळू गायला लावतात. पट्टीप्रमाणे लहान लहान बॅच केल्यात. त्यामुळे वेळा विचित्र आहेत, पण ते पुढे सांगते.

आता मुख्य गोष्ट. ताईंकडे वाद्याला हात लावायला मिळतो तो गळ्यातून आल्यावर. पहिले चार महिने पोरानं पेटी फक्त ऐकली. मला आधी वाटलं फी घेतात आणि पेटी शिकवत नाहीत, विचारलंही मी तसं सरळ. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या बोटाला रस्ता दाखवायचा तर कान आधी तिथे जाऊन आलेला पाहिजे. आणि खरंच, चार महिन्यांनी पेटीवर हात ठेवला तेव्हा त्यानं भूप रागाचा आरोह-अवरोह, म्हणजे सुरांची चढती-उतरती ओळ, कुणी न सांगता शोधून काढला, चुकली पट्टी की त्याचाच चेहरा वाकडा व्हायचा आणि तोच दुरुस्त करायचा. स्टिकरवाल्या तीन महिन्यांत हे एकदाही झालं नव्हतं.

भूपापासून सुरुवात का तेही मला इथेच कळलं. भूपात म आणि नी नाहीत, सा रे ग प ध एवढेच पाच, त्यामुळे शेजारी शेजारी चिकटलेले अर्धे स्वर येतच नाहीत. लहान मुलं घसरतात ती नेमकी तिथे, ग वरून म वर आणि नी वरून सा वर जाताना. भूप पक्का झाला की दुर्गा राग, म्हणजे ग काढून शुद्ध म, मग सातही सुरांचे अलंकार (सुरांचे ठरावीक पलटे), आणि खमाज रागाबरोबर कोमल नी, म्हणजे अर्धा स्वर उतरलेला. आणि गंमत अशी की माझ्या मुलाचा सा पांढरी पाच, तर तिथून भूप काय आणि दुर्गा काय, सगळा पांढऱ्या पट्ट्यांवरच येतो, एकही काळी लागत नाही. त्याला वाटायला लागलं की पेटी म्हणजे सोपं काम. मग एक दिवस ताईंनी त्याचा सा काळी चारवर नेला आणि म्हणाल्या आता हाच भूप वाजव. बिचारा गोंधळला, कारण आता काळी चार, काळी पाच, पांढरी एक, काळी दोन, पांढरी चार असं जायचं होतं. ताईंनी एकही पट्टी दाखवली नाही, फक्त "गा, आणि जे गातोस ते शोध" एवढंच. पंधरा-वीस मिनिटं लागली पण सापडलं त्याला. घरी येऊन मला सांगतो, "आई, सा कुठल्या पट्टीवर नसतोच, मी म्हणेन तिथे असतो."

लहान हातांना एका हातानं भाता आणि दुसऱ्या हातानं पट्ट्या हे एकदम जमत नाही, भाता विसरतात आणि सूर मरतो, किंवा मग दणादण भाता मारतात. त्यासाठी ताई सुरुवातीला एका पेटीवर दोन मुलं बसवतात, एकानं भाता सांभाळायचा आणि दुसऱ्यानं वाजवायचं, मग अदलाबदल. भात्यावरच्या मुलाला समोरच्याचं गाणं ऐकून हवा द्यावी लागते, तो लांबवतोय का तोडतोय ते बघून. मला हे फार आवडलं कारण पोरं एकमेकांचं ऐकायला शिकतात. मुलाचा भात्यावरचा जोडीदार आता त्याचा सगळ्यात जवळचा मित्र आहे.

दर शुक्रवारी मात्र पेटी बंद. त्या दिवशी तंबोरा काढतात, खराखुरा, मिरजेत केलेला. एरवी इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावतात, तोही ठीक आहे, रोजच्या रियाजाला तेच सोयीचं, पण शुक्रवारी चार तारा, पंचम (प), दोन जोड (सा) आणि खर्ज (खालचा सा), एकेका मुलाला छेडायला देतात आणि बाकीच्यांनी डोळे मिटून बसायचं. दोन-तीन शुक्रवार गेल्यावर ताईंनी विचारलं, यात ग ऐकू येतोय का कुणाला? तंबोऱ्यात गंधाराची, म्हणजे ग ची, तार नसते हो, पण खर्ज नीट लागला आणि जवारी, म्हणजे तार घोडीवर टेकते तिथली घडण, उघडी असली की त्याच्यातून ग आपोआप वर येतो, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. एका छोट्या मुलीनं हळूच तो ग गाऊन दाखवला. मग बाकीच्यांना ऐकू यायला लागला. त्यानंतर ताईंनी पेटीवरचा ग दाबला आणि सगळ्यांना कळलं की तो किंचित चढा आहे. पेटीचे बारा सूर सारख्या अंतरानं बसवलेले असतात त्यामुळे गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा जरासा वर राहतो. एवढी मोठी गोष्ट नऊ-दहा वर्षांच्या मुलांना नुसती कानानं समजली, फळ्यावर एक अक्षर न लिहिता. पेटीला आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती ती मुख्य म्हणजे या असल्याच कारणांसाठी, सूर पक्के बांधलेले आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, हे ताईंनी पालकांना सांगितलं. पण त्या पेटीच्या विरोधात अजिबात नाहीत. लहान मुलाला सूर दिसावा, बोटाखाली सापडावा यासाठी पेटीसारखं वाद्य नाही असं त्या म्हणतात, फक्त आठवड्यातून एक दिवस कान धुवून काढायचा.

तबल्याचं थोडक्यात. तबला सर शिकवतात, ताईंचे यजमान. तिथेही तोंड आधी. मुलीनं पहिले दोन महिने बोल नुसते म्हटले, हातावर टाळी-खाली धरून, आणि चालत. जमिनीवर खडूनं सोळा चौकोन काढलेत, त्रितालाच्या १, ५ आणि १३ ला टाळी आणि नवव्या मात्रेला खाली म्हणून तिथे हात बाजूला फिरवायचा, आणि पुन्हा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं. दादऱ्याला सहा चौकोन, केहरव्याला आठ. माझी मुलगी घरात स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत धा धिं धिं धा म्हणत चालायची, खालचे काका विचारायला आले काय चाललंय म्हणून. त्याचा फायदा गणपतीत दिसला, आरतीला सगळे जण हळूहळू पळायला लागतात ना, ही पोरगी झांज घेऊन लय धरून उभी राहिली आणि सगळ्यांना तिच्यामागे यावं लागलं.

महिन्यातून एकदा दोन्ही खोल्यांची मुलं एकत्र बसतात. गाणारा गातो, एक जण पेटीवर, एक तबल्यावर. इथे माझ्या दोन्ही मुलांनी पहिल्यांदा एकमेकांसाठी वाजवलं, घरात ज्यांचं रिमोटवरून पटत नाही ती दोघं. मुलगा समेला चुकला की ताई थांबवत नाहीत, ठेका चालू राहतो आणि त्यानंच ऐकून परत यायचं. आता येतो परत.

वर्षातून एकदा मुलांना मिरजेला नेतात, सांगलीपासून दहा-बारा किलोमीटर, पण सांगलीत वाढलेल्या कितीतरी मुलांनी सतारमेकर गल्ली बघितलेली नसते. मी पण लग्न होऊन आले तेव्हापासून मिरजेला दवाखान्यासाठीच गेले होते. त्या दुकानांत भोपळे वर टांगलेले असतात, मंगळवेढा-बेगमपूर भागातून येतात ते, एकेक भोपळा पूर्ण वाळवून मग कापायचा. मुलांना एका कारागीर काकांनी जवारी काढताना दाखवलं, घोडीचा वरचा भाग कानसीनं इतका थोडा थोडा घासतात की आपल्याला काही झालंसं दिसत पण नाही, आणि मग तारेखाली सुती दोरा सरकवतात, एका जागेवर आला की आवाज एकदम फुलतो. पोरं श्वास रोखून बघत होती. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्याचा त्या काकांना केवढा अभिमान. तिथून दर्ग्यात जातात, किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर तिथे आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर पण याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले आणि पुढे १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ताईंनी हे दर्ग्याच्या आवारात बसूनच सांगितलं. आपण ज्या गांधर्वच्या परीक्षा परीक्षा म्हणतो त्याची मुळं इथली आहेत हे माझ्या मुलाला आता माहीत आहे, मला चाळिशीत कळलं.

परीक्षांचं म्हणाल तर ताई घाई करत नाहीत. प्रारंभिकला, म्हणजे गांधर्वच्या पहिल्या परीक्षेला, लेखी पेपर नसतो, समोर बसून गायचं आणि परीक्षक विचारतील त्याला उत्तर द्यायचं, पण तरी दोन वर्षं झाल्याशिवाय त्या मुलाला बसवत नाहीत. यावरून काही पालक नाराज होऊन सोडून गेलेत, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून त्यांना पुढच्या प्रवेशिका, मध्यमा असं हिशोबानं संपवायचं असतं. मला त्यांचंही समजतं, पण ज्याला फक्त मार्कांसाठी पाहिजे त्यानं इथे येऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. माझा मुलगा यंदा बसणार आहे आणि त्याला भीती वाटत नाहीये, उलट परीक्षकांना काळी चारवरचा भूप वाजवून दाखवायचाय.

पेटी कधी घ्यायची यावर पण त्यांचा सल्ला फार कामाला आला. आठ महिने घेऊ दिली नाही. मग म्हणाल्या नवी नको, जुनी चांगली बघा, साडेतीन सप्तकांची, मुलाच्या मांडीला जड होणार नाही अशी, स्केल चेंजरची (पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय) गरज नाही, ते वजन आणि खर्च दोन्ही वाढवतं. बघताना भाता पूर्ण भरून पट्टी न दाबता थांबायचं, हवा लगेच गेली तर भाता किंवा पेटीचं लाकूड कुठेतरी गळतंय. आणि पट्टी न दाबता एखादा सूर आपोआप बोलत असेल तर स्प्रिंग गेलीय किंवा पट्टी बसलीय. मग एकेक सूर सावकाश, खालपासून वरपर्यंत, हवा कमी असतानाही बोलतो का ते बघायचं. आम्ही नऊ हजारांत जुनी घेतली, पालिताणा रीडची (रीड म्हणजे आतली सूर देणारी पितळी पट्टी), भात्याला थोडं काम निघालं पण सूर सुंदर आहेत. पावसाळ्यात कपाटात न ठेवता उघड्यावर कापड घालून ठेवतो, रोज दहा मिनिटं वाजली की बिघडत नाही.

आता न आवडलेलं. तबल्याच्या खोलीत आठ मुलं आणि जोड्या सहाच, दोन मुलं कायम थांबून असतात, सर त्यांना बोल म्हणायला लावतात पण दीड तासात ती कंटाळतात. भिंतीतून तबल्याचा आवाज गाण्याच्या खोलीत येतो, तंबोऱ्याच्या शुक्रवारी तरी तबल्याची बॅच ठेवू नये असं मी दोनदा सांगितलंय, अजून बदललं नाही. जिना अरुंद आहे, आजी-आजोबांना आणायला-सोडायला त्रास होतो. वेळा मघाशी म्हटलं तसं विचित्र, माझ्या दोन मुलांच्या बॅचमध्ये पाऊण तासाचं अंतर पडतं आणि तो पाऊण तास मी गाडीवर बसून काढते. बुडलेला दिवस भरून देत नाहीत. आणि ताई फोन उचलत नाहीत, मेसेज करा, संध्याकाळी उशिरा उत्तर येतं.

ऑनलाइन पण शिकवतात पण ते मी कुणाला सुचवणार नाही, निदान लहान मुलांसाठी. माझ्या बहिणीची मुलगी दुबईहून शिकत होती, आवाज उशिरा पोचतो त्यामुळे दोघींना एकत्र गाता येतच नाही, ताई गाऊन थांबतात, मग ती गाते. सूर शिकली ती, पण ताल अर्धाच राहिला. सुट्टीत आली तेव्हा खोलीत बसून चार आठवड्यांत जे झालं ते सहा महिन्यांत झालं नव्हतं. ताईंनी स्वतःच तिच्या आईला सांगितलं की तिथेच कुणीतरी समोर बसवणारं शोधा.

फी महिन्याला गाण्याची नऊशे, तबल्याची आठशे, आठवड्यातून दोन दिवस, तीन महिन्यांची एकदम घेतात. सख्ख्या भावंडांना थोडी सवलत आहे, आम्हाला न मागता दिली. नवी मुलं गुरुपौर्णिमेनंतर आणि दसऱ्यानंतर अशी दोनदाच घेतात. घालायच्या आधी दोन दिवस मुलाला घेऊन नुसतं बसता येतं, त्याचे पैसे नाहीत, आणि बसाच, शुक्रवारी बसलात तर उत्तम. मुलाला सांगून ठेवा की कुणी गायला लावणार नाहीये, फक्त हाक मारायला सांगतील.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा तबल्याच्या जोड्यांसाठी कापला, दोन जोड्या वाढल्या की इथे येऊन पाच करेन. मुलगा आता बाथरूममध्ये आहे, नळ सोडलाय आणि दुर्गा चाललाय, म जरा उतरतोय पण मी काही बोलत नाहीये.